पनीर, पेअर, पन्नास किलो

सोमवार, १

झालं ते असं :

१. बाबांच्या स्वरयंत्रावर गाठ आहे. अहवाल आज मिळाला. गाठ कर्करोगाची आहे.
२. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. २६ तारीख, शुक्रवार, सकाळी आठ.
३. त्यानंतर आवाज राहणार नाही. श्वास गळ्याला केलेल्या छिद्रातून.
४. हॉस्पिटलच्या काट्यावर आजचं वजन ४८.६ किलो. सर्जनना किमान पन्नास हवं. कमी भरलं तर तारीख पुढे जाईल. गाठ मात्र तारखेची वाट बघत थांबणार नाही.
५. आहारतज्ज्ञ बाईंचा सल्ला : मऊ, कोमट, गुठळी नसलेलं, प्रथिनं भरपूर. भर सकाळच्या खाण्यावर, कारण दुपारनंतर घसा सुजतो.
६. संमतीच्या फॉर्मवर नातेवाईक म्हणून मी सही केली. बाबांनी मी बोट ठेवलं तिथं केली. त्यांनी चष्मा नेला नव्हता.

ही वही प्रयोगशाळेतली आहे. पानांवर क्रमांक छापलेले असतात, त्यामुळे पान फाडलं तर कळतं. म्हणून हीच घेतली.

परतताना बसमध्ये बाबांनी शेजारच्या अनोळखी माणसाला त्याच्या पिशवीचं वजन सांगितलं. "सव्वातीन किलो. कांदे?" बटाटे होते. दोघं तीन थांबे हसत होते. मी फाईल उघडून पहिल्यापासून वाचत होते. मध्येच म्हटलं, डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय.

"हो, इन्स्पेक्टर बाई," बाबा म्हणाले. मग उतरेपर्यंत माझ्या मांडीवरच्या फाईलकडे बघत राहिले.

मंगळवार, २

बाबांनी चाळीस वर्षं दुकानांचे आणि गोदामांचे काटे दुरुस्त केले. मी वजनमापांच्या प्रयोगशाळेत काम करते : लोकांची वजनं आमच्याकडे येतात, आम्ही ती खरी आहेत का ते सांगतो. त्यामुळे घरात काट्यावरून वाद होणारच होता.

मला बॅटरीवरचा नवा काटा आणायचा होता. बाबांनी बोळातला त्यांचा उभा काटा पुसून पुढे ओढला. खाली उभं राहायची फळी, वर आडवी दांडी, दांडीवर सरकणारा पितळी गोळा. दांडी समतोल व्हायला गोळा जितका लांब न्यावा लागेल तितकं वजन जास्त.

"बॅटरीवर माझा जीव तोलणार? सेल संपला की मी संपलो."

त्यांनी वीस किलोचं प्रमाण वजन चढवून दाखवलं. २०.०. मी मान्य केलं. बाबांचं आजचं वजन ४८.६. हॉस्पिटलशी जुळतं.

पहिला प्रयोग : ओलं पनीर १२० ग्रॅम, एक अख्खं अंडं, एक जादा पांढरं, ओट्सचं पीठ २० ग्रॅम, पेअर ६० ग्रॅम, मध एक चमचा. १८० अंश, अर्धा तास. प्रथिनं २७ ग्रॅम. वर फुगलं, कडा तपकिरी झाल्या, सुरीने कापताना कचकन आवाज आला.

बाबांनी बोटानं दाबून बघितलं. "छान आहे. काट्याच्या पायाखाली लावायला अशीच चकती शोधत होतो."

आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, आमच्याकडेच राहते. ती म्हणाली, "मेल्या, पोरगी पाचला उठलीय तुझ्यासाठी."

बाबांनी दोन घास घेतले. गिळताना डोळे मिटले. मी घड्याळ बघितलं : एका घासाला पन्नास सेकंद.

गुरुवार, ४

काल ओव्हन तपासला. तापमानाची चकती १८० दाखवते तेव्हा आत १९२ असतं. चूक तिथं होती. आज चकती १४० वर, आणि भांडं गरम पाण्याच्या थाळीत ठेवलं. पनीर आधी गाळणीतून दाबून काढलं. पेअर सोलून वाफवून लगदा केला. मध्यभागी ७४ अंश झाल्यावर बाहेर. चमचा आपोआप आत जातो. मी खाऊन बघितलं, जिभेने टाळूवर दाबलं की विरघळतं.

मला सव्वासहाला निघावं लागतं. आत्या आठला कोमट करून देते. संध्याकाळी भांडं तोललं : फक्त ३ ग्रॅम चिकटलेलं. म्हणजे अडीचशे ग्रॅम पोटात गेले.

मी भांडं हातात धरून थोडा वेळ ओट्याशी उभी राहिले. आत्यानं विचारलं, काय ग, तडा गेलाय का. नाही म्हटलं.

शनिवार, ६

वजन ४९.१. भांडं ४ ग्रॅम.

प्रयोगशाळेत चिमट्याने वजन उचलताना ते पात्रावर टेकलं आणि किणकिण आवाज झाला. वरिष्ठांनी मान वर केली. नाडी मोजली : १०४, बसलेली असताना.

कारण मला माहीत आहे. इथं एकदाच लिहिते, म्हणजे परत लिहावं लागणार नाही : मला भीती वाटते. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि कुणी मला आकडे सांगितले नव्हते.

रविवार, ७

सुटी. बाबा खाताना मी समोर बसले. एक तास दहा मिनिटांत ९० ग्रॅम. मध्ये तीनदा थांबले, एकदा ठसका. उरलेलं मागे सारलं.

आत्याला स्वयंपाकघरात विचारलं, रोज असंच होतं का?

"छे! रोज नीट खातो. तू अशी वही घेऊन समोर बसलीस तर कुणाचाही घास अडेल. माझासुद्धा."

हे पटण्यासारखं आहे. मोजणारा जवळ उभा राहिला की त्याच्या अंगाच्या उबेनेसुद्धा तराजू हलतो, म्हणून आम्ही हात लांब ठेवतो. पुढच्या रविवारी मी टेबलापाशी थांबणार नाही.

वजन ४९.२.

बुधवार, १०

बाबांच्या फोनची बॅटरी दिवसभर टिकत नाही. सकाळी पूर्ण भरलेली, संध्याकाळी बंद. नवी घालण्याआधी वापर बघितला. बॅटरीत दोष नाही. काल दोन तास चाळीस मिनिटं बोलणं झालंय. जुने गिऱ्हाईक, एक धान्याचा व्यापारी, गावी राहणारा शाळेतला मित्र, त्याच्याशी एकट्याशी पन्नास मिनिटं. एका नंबरावर तीनदा; विचारलं तर म्हणाले, "चुकून लागला होता पहिल्यांदा. पण माणूस गप्पिष्ट निघाला."

घशाला विश्रांती हवी असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. मी ते वाक्य दाखवलं.

"वाचलं," बाबा म्हणाले. आज त्यांनी चष्मा लावला होता.

गुरुवार, ११

बाबांचा फोन मी बरोबर कामावर नेला. आत्याकडे तिचा आहे, अडीअडचणीला पुरे. दिवसभरात एकोणीस वेळा वाजला. मी उचलला नाही.

वजन ४९.६. बाबा रोज सकाळी मी उठायच्या आधी काट्याला तेल देतात, फडक्याने पुसतात. शून्य मी स्वतः बघते. बरोबर असतं. त्यांना सवय आहे, करू देत.

रविवार, १४

वजन ५०.०.

मी आत्याला मिठी मारली. हे माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे ती दचकली. "अग, हळू," ती म्हणाली, "आधीच ब्लाउजची बटणं धरत नाहीयेत. ते तुझं नवं वॉशिंग मशीन कपडे आटवतं."

मशीनचं पाणी ४० अंशांवर असतं. सुती कापड एवढं आटू नये. पुढच्या धुण्याला ३० वर ठेवून बघेन.

ठरल्याप्रमाणे बाबा खाताना मी थांबले नाही, बाहेर चालून आले. परत आले तेव्हा भांडं धुऊन पालथं घातलेलं. बाबा खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्यांची नावं पुटपुटत होते, की गाणं म्हणत होते, कळलं नाही. आवाज खरखरीत झालाय. मी म्हटलं, "बाबा, आवाज."

"आहे अजून," ते म्हणाले.

त्यांचा शर्ट खांद्यावरून उतरलेला दिसला. वजन वाढल्यावर शर्ट घट्ट व्हायला हवा. पाठीत वाकून बसल्यामुळे असेल.

मंगळवार, १६

पेअर संपले. सफरचंदाने आंबटपणा आला, पनीर फुटलं आणि पाणी सुटलं. पिकलं केळं घातलं तर जमतं, पण रंग काळवंडतो. दोन दुकानं फिरून परत पेअर आणले. चवीचा प्रश्न नाही, एकही दिवस चुकायला नको.

वजन ५०.२. आता माझी झोप पहाटे तीनलाच उडते, पाचपर्यंत अंथरुणात पडून राहते. वजन वाढतंय तरी भीती कमी होत नाही, वाढते आहे. याला कारण सापडत नाही.

शुक्रवार, १९

जेवणाच्या सुटीत मी वजनाचा आलेख काढत होते. वरिष्ठ चहा घेऊन मागून आले. आम्ही त्यांना पाठीमागे 'आजोबा' म्हणतो. निवृत्तीला एक वर्ष उरलंय, चूक अजून वासाने ओळखतात.

"कुणाची आहेत ही मापं?"

"का?"

"कुणीतरी घरी बसून भरलीत. बघ ना. रोज एका पायरीनं वर. खरं माप दारू प्यायल्यासारखं चालतं : एक पाऊल पुढे, अर्धं मागे. ही रेघ पट्टीने ओढलीय. त्या माणसाला सांग, निदान खोटं तरी नीट लिही."

"माझ्या वडिलांचं वजन आहे."

त्यांनी कप खाली ठेवला. "माफ कर, बाळ."

मी म्हटलं, माफीची गरज नाही, निरीक्षण बरोबर आहे. मग हात धुवायला गेले आणि नळ चालू ठेवून पाच मिनिटं उभी राहिले.

अठरा दिवस मी शून्य तपासलं. प्रमाण वजन फक्त पहिल्या दिवशी चढवलं, तेही बाबांनी. नव्या उमेदवाराला आम्ही पहिल्या आठवड्यात शिकवतो : शून्य बरोबर म्हणजे काटा बरोबर, असं नव्हे. दुसऱ्या कुणाचा काटा असता तर मी रोज वजन चढवून बघितलं असतं.

शनिवार, २०

सकाळी बाबांचं वजन ५०.७. दुपारी प्रयोगशाळेतल्या मोठ्या तराजूवर स्वतःला तोललं : ५३.४. अर्धा दिवस होता. त्याच कपड्यांत, त्याच बुटांत, पाणीही न पिता घरी आले. बोळात बाबांच्या काट्यावर उभी राहिले.

५७.९.

आकडेमोड उभ्या उभ्याच केली. बाबांचं खरं वजन ४६.८. अठरा दिवसांत दोन किलो वाढलं नाही, दोन किलो उतरलं.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात होती. मी काही विचारायच्या आतच ती खुर्चीत बसली.

"मी काय मजेनं खाल्लं?" ती म्हणाली. "तो म्हणाला, टाकलंस तर ती कचऱ्याचा डबा तोलेल. आणि तोलला असतास ग तू!"

तोलला असता.

"पहिल्या दिवशी थोडंसं उरलं ते खाल्लं. मग अर्धं. मग... आणि इतकं निगुतीनं करतेस, टाकवत नाही. त्यातनं ते पेअरचं लागतं छान."

"बाबा किती खातात?"

"दोन चमचे. चांगला दिवस असला तर चार. मग कपभर दूध." ती रडायला लागली. "मला नको विचारूस. त्याला विचार. तुम्ही दोघं बापलेक त्या दांडीशी बोलता."

बाबा खिडकीशी होते. मी समोर उभी राहिले. त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे.

"कशावरून पकडलंस?"

"स्वतःला तोललं. तिथं आणि इथं."

"एक माणूस, दोन काटे. बरोबर. मीही तेच केलं असतं." त्यांना बरं वाटलेलं दिसलं. ते मला बघवेना.

त्यांनी खिशातून औषधाची रिकामी डबी काढून दिली. आत शिशाचे छर्रे. दांडीवरचा गोळा पोकळ असतो, बुडाला आटे असतात, वजन जुळवायला आत छर्रे भरतात. रोज पहाटे एखादा-दुसरा काढायचा. गोळा हलका झाला की समतोलाला तो लांब सरकवावा लागतो. आणि शून्य स्क्रूने जागेवर आणायचं.

"चाळीस वर्षांत कुणाचा काटा बिघडवला नाही," बाबा म्हणाले. "पहिला हा."

"हॉस्पिटलचा काटा कसा बिघडवणार होता?"

"तो नाही बिघडत. तिथं कमी भरलं असतं, त्यांनी घरी धाडलं असतं. तू म्हणाली असतीस, दोन काट्यांत फरक आहे. तुझ्या हाताला दोष आला नसता."

"आणि गाठ?"

त्यांनी माझ्या हातातल्या डबीचं झाकण बंद केलं.

"गिळताना दुखतं?"

"दुखतं. पण खाता आलं असतं. खोटं कशाला बोलू."

"मग का?"

ते बराच वेळ घसा साफ करत राहिले. "सही करताना तुझं बोट होतं कागदावर. मी बोटाखाली सही केली. काय लिहिलंय, आवाज जाणार आहे, ते बसमध्ये कळलं. मोठ्या अक्षरात होतं, तुझ्या मांडीवर."

"डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं."

"तुला सांगत होते. तू मान हलवत होतीस. मी तुझ्याकडे बघत होतो, तू किती घाबरलीयस ते." मग म्हणाले, "मला कळत नाही असं वाटतं का तुला? सातव्या वर्षापासून हाच चेहरा करतेस."

मी म्हटलं, मला सर्जनना फोन करायचा आहे. आणि खोलीतून बाहेर आले. यापेक्षा वेगळं काही म्हणता आलं असतं. सुचलं नाही.

फोन लागला. सर्जननी खरं वजन ऐकून २६ तारीख रद्द केली. मी पंधरा प्रश्न विचारले. चौदांची उत्तरं लिहून घेतली. पंधराव्याचं उत्तर एक आकडा होता, तो वेगळ्या कागदावर लिहिला.

रविवार, २१

सकाळी बाबांचा फोन त्यांना परत दिला. त्यांनी बघितला, उशीखाली ठेवला.

मग दोघांनी मिळून काटा दुरुस्त केला. छर्रे तोलून मी दिले, भरले त्यांनी. वीस किलो चढवलं : २०.०. चाळीस : ४०.०. बाबा चढले : ४६.७. आत्यानं चढायला साफ नकार दिला. "माझं मला माहीत आहे. आणि तुम्हालाही माहीत आहे."

सवयीने पनीर केलं होतं. बाबांनी सहा चमचे खाल्ले. मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं.

दुपारभर खालचं पत्र लिहिलं. चार वेळा. ही शेवटची नक्कल. मूळ प्रत बाबांच्या चष्म्याखाली ठेवली आहे.

*

बाबा,

तोंडी बोलताना मी आकड्यांच्या मागे जाते, म्हणून लिहिते. अक्षर मोठं काढलं आहे.

१ तारखेला तुमच्या वतीने मी ठरवलं. तुम्हाला विचारलं नाही, आणि विचारलं नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. ११ तारखेला तुमचा फोन नेला, तेही तसंच. या दोन्ही चुका माझ्या आहेत.

सर्जननी आता दोन मार्ग सांगितले आहेत.

पहिला : येत्या आठवड्यात नाकातून नळी घालून अन्न द्यायचं, वजन पन्नासवर न्यायचं, पुढच्या महिन्याच्या ९ तारखेला ऑपरेशन. आवाज जाईल. नंतर यंत्राने किंवा सरावाने काही बोलता येतं. सगळ्यांना जमतंच असं नाही.

दुसरा : ऑपरेशन नाही. फक्त किरणांचे उपचार. आवाज राहील, बसका होईल. गाठ आटोक्यात येईल की नाही, याची खात्री ते देत नाहीत. अशा रुग्णांना साधारण किती काळ मिळतो, ते मी विचारलं. तो आकडा बंद पाकिटात कपाटाच्या वरच्या खणात आहे. हवा असेल तर उघडा. नको असेल तर मी सांगणार नाही.

माझं मत विचारलंत तर सांगेन. न विचारता लिहीत नाही. मी घाबरले आहे, एवढं मात्र लिहिते, म्हणजे तुम्हाला ते माझ्या चेहऱ्यावरून वाचत बसायला नको. तुम्ही दोन्हींपैकी काहीही ठरवलंत तरी सकाळचं पनीर मी करणार आहे. खाल्लं नाहीत तर भांड्यात तसंच ठेवा. आत्याला देऊ नका, तिला साखर आहे.

सर्जनना मंगळवार, २३ तारखेला दुपारी बारापर्यंत कळवायचं आहे. त्या दिवशी मी रजा घेतली आहे. तुमचं उत्तर मला मंगळवारी सकाळी साडेसातपर्यंत द्यावं. लिहून नको. बोलून द्या.